देवाचा अभ्यास, दप्तरांतून

धर्म या विषयात पीएचडी करणे म्हणजे कीर्तनकार होण्याची तयारी, हा समज पिंपरी-चिंचवडमध्येच खोडून काढता येतो. चिंचवडच्या मोरया गोसावींच्या देव घराण्यावरचा लॉरेन्स प्रेस्टन यांचा ग्रंथ केंब्रिजने १९८९ मध्ये काढला. त्याचा विषय आहे घराणे आणि राजसत्ता यांचे नाते: इनामे, सनदा, वारसाहक्क. अशा संशोधकाला आरतीपेक्षा मोडी लिपी आणि महसुलाचे हिशेब जास्त कामाला येतात. ईश्वरविद्या याहून वेगळी, ती श्रद्धेच्या आतून प्रश्न विचारते. श्रीलंकेतल्या कँडीहून १९५५ मध्ये पुण्यात आलेल्या ज्ञानदीप विद्यापीठात ख्रिस्ती ईश्वरविद्येत डॉक्टरेटपर्यंत शिकता येते.

यावर पोट भरेल का? चाकणच्या कारखान्यांच्या शेजारी हा प्रश्न रास्तच आहे. प्राध्यापकीच्या जागा मोजक्या. पाच-सहा वर्षे घालण्याआधी हे घरी स्पष्ट सांगितलेले बरे. श्रद्धा दुखावते, हा दुसरा आक्षेप मात्र टिकत नाही. रा. चिं. ढेरे यांनी विठ्ठलाचे मूळ गवळी-धनगरांच्या दैवतात शोधले, ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ छापून चार दशके झाली, आणि देहूहून निघालेली तुकोबांची पालखी आजही आकुर्डीला मुक्काम करते.