भोपळ्याचे तीन गुरुवार

दर गुरुवारी सकाळी अकोले तालुक्यातून एक छोटा टेम्पो नाशिकला आमच्या सोसायटीच्या गेटशी येतो. त्यातल्या भाजीच्या पिशव्या घरोघर पोचवायचं काम सात वर्षांपूर्वी मी अंगावर घेतलं. पिशवीत काय यायचं ते आमच्या हातात नाही. गेल्या पावसाळ्यात दहा दिवस ऊन पडलं नाही, पालेभाजी सडली आणि ओळीने तीन गुरुवार लाल भोपळा आला. सोळापैकी पाच घरं गळाली. खरं सांगते, तिसऱ्या गुरुवारी मीही अंधार पडल्यावर गुपचूप टोमॅटो आणायला गेले आणि जिन्यात नेमक्या पहिल्या मजल्यावरच्या काकू भेटल्या!

पहिल्या वर्षीची तक्रार वेगळीच होती. वालाच्या शेंगांवर मावा होता. मी फोनवर जरा तोऱ्यातच बोलले. भाजी पिकवणाऱ्या मावशी म्हणाल्या, "एकदा येऊन बघून जा."

गेले. परसातल्या मांडवावरचं एक पान मावशींनी उलटं केलं. काळा मावा दाटून बसलेला आणि त्यावर मुंग्यांची ये-जा. मावा गोड चिकटा सोडतो. तो खायला मुंग्या येतात आणि माव्याची राखणही करतात. मावशींचं बोट मात्र शेजारच्या किड्यावर होतं. सुसरीच्या पिल्लासारखा, काळा, अंगावर नारिंगी ठिपके. मी चिरडायला हात पुढे केला, तर त्यांनी मनगटच धरलं. "अगं, हा आपला गडी हाये!"

ती लेडीबर्ड भुंगेऱ्याची अळी होती. ती आणि तिचा तो गोंडस भुंगेरा, दोघंही मावा खातात. औषध फवारलं की मावाही मरतो आणि गडीही. मावा झपाट्याने परत वाढतो, गडी मागाहून येतो. म्हणून पुन्हा फवारणी, आणि तिचे पैसे दुकानदाराच्या उधारीच्या वहीत.

फवारणीऐवजी अशा गड्यांवर भिस्त ठेवण्याला कृषी-परिस्थितिकी असा भारदस्त शब्द आहे. मावशींना सांगितला तर हसतील. किडे, मुळं, शेण, पालापाचोळा यांच्याकडून होईल तेवढं काम करून घ्यायचं आणि विकतचं कमी आणायचं, एवढाच त्याचा अर्थ. भाताच्या बांधावर तूर, नागलीत उडीद. कडधान्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरतात. एकराला २०० लिटर जीवामृत: पाण्यात १० किलो शेण, गोमूत्र, दोन-दोन किलो गूळ आणि बेसन, बांधावरची मूठभर माती, दोन दिवस सावलीत. वालाचं बी घरचं, राखेत ठेवलेलं. याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी 'बायफ' या संस्थेच्या मदतीने गावठी वाणांची बियाणे बँक उभी केली. त्यांना २०२० ची पद्मश्री मिळाली.

राहिली ती उधारी. घासाघीस केली नाही की शेतकऱ्याला मदत झाली, असं मला वाटायचं. मावशींना भावापेक्षा वेळेची अडचण होती. पेरणीच्या तोंडावर हातात पैसा नसतो, म्हणून उधारी. आता प्रत्येक घर मे महिन्यातच दोन हजार रुपये देऊन ठेवतं आणि वर्षभर ते पिशवीतून फिटतात. फळं-भाजीपाला २०१६ मध्ये राज्याने बाजार समितीच्या नियमनातून काढला, त्यामुळे असा दारातला व्यवहार सोपा झाला. पिशवी मंडईपेक्षा महाग पडते. चवीबद्दल सगळ्याच भाज्यांची शपथ घेणार नाही, वालाची घेईन.

या मे महिन्यात गळालेल्यांपैकी दोन घरं परत आली. काल मावशींचा फोन आला. "दोडकी हायेत, थोडी चवळी हाये." जरा थांबून, "आन् भोपळा?"

"पाठवा," मी म्हटलं, "पण लहान लहान बघून."