पहिल्या अठरा मीटरांचं विज्ञान

जालना जिल्ह्यात शंकरपट पाहिलेल्या माणसाला ड्रॅग रेस फारशी समजावून सांगावी लागत नाही. सरळ पट्टी, वळण नाही, फेरा नाही. किती सेकंदांत पल्याड गेलात, एवढाच प्रश्न. आणि उत्तर सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजलेलं. बैलजोडीच्या जागी मोटारसायकल किंवा कार आली, की ती ड्रॅग रेस झाली. पट्टीची लांबी बहुतेक ठिकाणी पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर असते.

या खेळाचं आणि विमानांच्या धावपट्टीचं नातं जुनं आहे. १९५० साली कॅलिफोर्नियात सँटा आना इथल्या विमानतळाच्या धावपट्टीवर तिकीट लावून नियमित ड्रॅग रेस सुरू झाल्या, आणि पुढच्याच वर्षी वॉली पार्क्स यांनी अमेरिकेची राष्ट्रीय हॉट रॉड संघटना उभी केली. पोरं रस्त्यावर शर्यती लावून मरत होती, त्यांना बंद पट्टीवर आणायचं, हा त्यामागचा एक मोठा हेतू होता. आपल्याकडे चेन्नईजवळच्या शोलावरमला दुसऱ्या महायुद्धातल्या धावपट्टीवर कित्येक वर्षं गाड्यांच्या शर्यती होत. आज मोटारसायकलींची राष्ट्रीय ड्रॅग स्पर्धा चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर भरते. बंगळुरूचा हेमंत मुद्दप्पा हे त्यातलं सर्वांत गाजलेलं नाव. महाराष्ट्रात लोणावळ्याजवळच्या अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘द व्हॅली रन’ ही स्पर्धा होत आली आहे.

समजा, जुन्या जालन्यातल्या एखाद्या गॅरेजमधून तीन-चार जण अशा स्पर्धेला निघाले. शुक्रवारी रात्री मोटारसायकल छोट्या टेम्पोत दोऱ्यांनी आवळून बांधायची, सोबत हवेचा गेज, स्प्रॉकेटचे दोन-तीन जोड, जास्तीची चेन, क्लच प्लेटा घ्यायच्या आणि साडेतीनशे किलोमीटरहून जास्त रस्ता तुडवायचा. शनिवारी तपासणी आणि सराव, रविवारी खरी शर्यत. दोन दिवसांत गाडी पट्टीवर पळते ती सगळी मिळून एक-दोन मिनिटं. उरलेला वेळ विचारात, मोजण्यात आणि पाने फिरवण्यात जातो, आणि मला या खेळात सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच.

नवख्या माणसाची पहिली समजूत असते की जास्त ताकदीचं इंजिन असलं की काम झालं. गणित वेगळं सांगतं. इंजिनाची ताकद पूर्णपणे वापरली जातेय असं धरलं, तरी ठरावीक अंतर कापायला लागणारा वेळ वजन आणि ताकद यांच्या गुणोत्तराच्या घनमुळाच्या प्रमाणात बदलतो. घनमूळ हा फार कंजूष हिशेब आहे. वेळ निम्म्यावर आणायचा तर ताकद आठपट लागते. वेळ फक्त दहा टक्के कमी करायचा तरी ताकद सुमारे ३७ टक्क्यांनी वाढवावी लागते. इंजिनावर लाखभर रुपये ओतूनही टायमिंग हलत नाही, त्याचं कारण या घनमुळात आहे.

वजनाचंही तेच. गाडी आणि स्वार मिळून अडीचशे किलो असतील आणि त्यातले पाच किलो कमी केले, तर बारा सेकंदांच्या धावेत सुमारे ०.०८ सेकंद वाचतात. ऐकायला हे काहीच नाही. पण शेवटच्या रेषेवर गाडी ताशी १८० किलोमीटरनं जात असेल, तर तेवढ्या वेळात ती चार मीटर पुढे सरकते. चार मीटर म्हणजे दोन मोटारसायकली एकामागे एक उभ्या राहतील एवढं अंतर. म्हणून आरसे, साइड स्टँड, मागची सीट, सगळं उतरवलं जातं आणि टाकीत लागेल तेवढंच पेट्रोल भरलं जातं.

मग ताकद कुठे अडते? टायर आणि डांबर यांच्यामध्ये. गाडीला पुढे ढकलणारं बल शेवटी मागच्या टायरच्या तळहाताएवढ्या पट्ट्यातून जमिनीवर जातं. घर्षणाचा गुणांक एक धरला आणि सगळं वजन मागच्या चाकावर आलं असं मानलं, तर गाडीला जास्तीत जास्त गुरुत्वाकर्षणाएवढं, म्हणजे सेकंदाला ९.८ मीटर प्रतिसेकंद इतकं त्वरण मिळू शकतं. तेवढ्या त्वरणाने सुरुवातीपासून शेवटपर्यंत गेलं तर ४०२ मीटर ९.०६ सेकंदांत पार होतात. पकड वाढत नाही तोवर इंजिन कितीही मोठं करा, वेळ त्याखाली उतरत नाही. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या कारमध्ये निम्मंच वजन त्या चाकांवर आहे असं धरलं, तर हा आकडा १२.८ सेकंदांवर जातो. प्रत्यक्षात वेग घेताना वजन मागे सरकतं, पुढची चाकं हलकी होतात आणि परिस्थिती आणखी बिघडते.

जालन्याच्या वाचकाला हे पकडीचं प्रकरण नवं नाही. आपल्या रोलिंग मिलमध्ये भट्टीतून आलेला लालभडक बिलेट रोलरच्या तोंडाशी जातो तेव्हा त्याला आत ओढून घेतं ते घर्षणच. रोलरमागची मोटर कितीही दांडगी असो, बिलेट ज्या कोनात तोंडाशी आला तो कोन घर्षणाच्या मानाने जास्त असेल तर रोलर नुसते फिरत राहतात आणि लोखंड जागच्या जागी घासतं. ड्रॅग स्ट्रिपवर मागचं चाक फिरतं आणि गाडी हलत नाही, तेव्हा नेमकं हेच घडत असतं.

शनिवारच्या सरावाचा बराचसा वेळ म्हणूनच टायरवर खर्च होतो. धावेच्या आधी स्वार पुढचा ब्रेक दाबून मागचं चाक जागेवरच फिरवतो, धुराचा लोट उठतो आणि प्रेक्षक शिट्ट्या मारतात. ही हौस नाही. रबर गरम झालं की मऊ होतं, टायरवरची धूळ-खडे जळून-उडून जातात, आणि थोडं रबर पट्टीवर चिकटून पुढच्या क्षणाची वाट तयार करतं. रबराचं घर्षण शाळेत शिकलेल्या लोखंड-लाकडाच्या घर्षणासारखं वागत नाही. ते डांबराच्या बारीक खाचांमध्ये दबतं, चिकटतं, सुटतं, आणि या दबण्या-सुटण्यात ऊर्जा खर्च होते. पकड त्यातूनच येते. दाब फार वाढला तर गुणांक घसरतो. म्हणून हवा कमी करून टायरचा जमिनीवरचा पट्टा मोठा करतात. आणखी एक गोष्ट अनेकांना पटत नाही: सर्वांत जास्त पकड चाक किंचित घसरत असताना मिळते, साधारण दहा-पंधरा टक्के. त्याहून जास्त घसरलं की पकड झपाट्याने जाते. क्लच सोडणाऱ्या डाव्या हाताला ही सीमा ओळखावी लागते, आणि ती ओळख फक्त सरावाने येते.

मोटारसायकलला आणखी एक मर्यादा आहे, पुढचं चाक उचललं जाण्याची. गाडी आणि स्वार यांचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ०.६५ मीटर उंच आणि मागच्या आसाच्या ०.७० मीटर पुढे असेल, तर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे १.०८ पट त्वरणाला पुढचं चाक हवेत जातं. त्याहून जास्त ताकद दिली तर गाडी पुढे जाण्याऐवजी उलटते. उपाय भूमितीतला आहे. मागच्या चाकाला धरणारा स्विंगआर्म पंधरा सेंटिमीटर लांब केला आणि गाडी आठ सेंटिमीटर खाली बसवली, तर ही मर्यादा जवळपास दीडपटीवर जाते. लोखंडाचा एक नीट वेल्ड केलेला तुकडा इंजिनाच्या कितीतरी सुट्या भागांपेक्षा जास्त वेळ वाचवतो. मात्र दीडपट त्वरण पेलायला टायरची पकडही तेवढी हवी. म्हणजे फिरून पुन्हा रबरापाशीच यावं लागतं.

आता पहिल्या साठ फुटांकडे, म्हणजे १८.३ मीटरांकडे येऊ. इथे वेगळा टायमर असतो. गुरुत्वाकर्षणाएवढ्या त्वरणाने सुटलेली गाडी हे अंतर १.९३ सेकंदांत कापते आणि तोवर तिचा वेग ताशी ६८ किलोमीटर झालेला असतो. त्याच्या ८० टक्के त्वरण मिळालं तर २.१६ सेकंद लागतात. एकूण अंतराच्या पाच टक्क्यांहूनही कमी असलेला हा तुकडा बारा सेकंदांच्या धावेतला सुमारे सोळा टक्के वेळ खातो. इथे मिळालेली आघाडी पुढे कमी होत नाही, थोडी वाढतच जाते, कारण मिळालेला जास्तीचा वेग गाडी सोबत घेऊन जाते. जाणती टीम धाव संपल्यावर शेवटच्या वेगाच्या आकड्याआधी साठ फुटांचा आकडा बघते. शेवटचा वेग इंजिनाची खबर देतो, साठ फुटांचा आकडा टायर, क्लच आणि हाताची.

मोजणीची व्यवस्थाही समजून घेण्यासारखी आहे. सुरुवातीच्या रेषेवर प्रकाशाचे दोन झोत आडवे जातात. पुढच्या चाकाने दोन्ही अडवले की गाडी तयार. मग खांबावरचे तीन पिवळे दिवे अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने लागतात आणि शेवटी हिरवा. हिरवा दिसल्यावर हात हलवणारा मागे पडतो, कारण डोळ्याने पाहून हाताने कृती करायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. सराईत स्वार शेवटच्या पिवळ्यावरच क्लच सोडतो. जरा लवकर सोडला तर तांबडा दिवा लागतो आणि धाव बाद. शिवाय धावेचं घड्याळ हिरव्या दिव्याला सुरू होत नाही, चाकाने झोत सोडला की सुरू होतं. त्यामुळे कागदावर हळू धावलेली गाडी आधी सुटल्यामुळे समोरासमोरची लढत जिंकू शकते. रविवारच्या बाद फेऱ्यांमध्ये हे घडतं आणि हरलेल्या टीमला आपल्या वेळेचा कागद पुन्हा पुन्हा बघावासा वाटतो.

हवेचाही वाटा आहे. लोणावळा समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरहून उंच आहे. तिथे हवेचा दाब सुमारे सात टक्क्यांनी कमी असतो. साध्या, टर्बो नसलेल्या इंजिनात तेवढाच प्राणवायू कमी जातो आणि ताकदही जवळपास तेवढीच घटते. घनमुळाच्या हिशेबाने बारा सेकंदांच्या धावेला पाव सेकंदाहून थोडा जास्त फटका बसतो. दुपारी तापमान दहा अंशांनी वाढलं की हवा आणखी तीन-साडेतीन टक्क्यांनी विरळ होते. सकाळच्या पहिल्या धावांसाठी टीमांची झुंबड उडते ती यामुळे. दुपारी मात्र तापलेल्या पट्टीवर पकड सुधारू शकते, आणि मग इंजिनाचं नुकसान आणि टायरचा फायदा यांचा ताळेबंद मांडावा लागतो.

या खेळाचं दुसरं टोक अमेरिकेत आहे. तिथल्या सर्वांत वेगवान वर्गात पेट्रोलऐवजी नायट्रोमिथेन जाळतात. एक किलो पेट्रोलला जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, नायट्रोमिथेनला फक्त १.७ किलो, कारण त्याच्या रेणूतच प्राणवायू असतो. त्यामुळे तेवढ्याच हवेत कितीतरी जास्त इंधन जाळता येतं आणि गाड्या ताशी ५३० किलोमीटरच्या पुढे जातात. जून २००८ मध्ये न्यू जर्सीतल्या स्पर्धेत स्कॉट कॅलिटा या रेसरचा मृत्यू झाला. त्याची गाडी पट्टीच्या शेवटी थांबू शकली नव्हती. त्यानंतर या वर्गाची शर्यत ४०२ मीटरांवरून ३०५ मीटरांवर आणली गेली. सगळी साधनं, पॅराशूट, वाळूचे अडथळे असूनही ही वेळ आली.

थांबणं हा या विज्ञानातला सर्वांत गंभीर भाग आहे. अडीचशे किलोची गाडी ताशी १८० किलोमीटरनं जाते तेव्हा तिच्यात तीन लाख ज्यूलहून जास्त ऊर्जा असते आणि ती सगळी ब्रेकच्या डिस्कमध्ये उष्णता होऊन जिरावी लागते. चांगल्या कोरड्या रस्त्यावर, उत्तम ब्रेक असतानाही थांबायला सुमारे १६० मीटर लागतात. समोर काही दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंतचा एक सेकंद धरला तर आणखी पन्नास. म्हणजे दोनशे दहा मीटर. रात्री डिपरवरच्या हेडलाइटचा उजेड शंभर मीटरांपर्यंतही नीट पोचत नाही. बंद पट्टीवर पुढची जागा मोकळी असते, रुग्णवाहिका उभी असते, स्वार पडला तर इंजिन बंद करणारी दोरी मनगटाला बांधलेली असते. मंठा किंवा अंबडच्या रस्त्यावर यातलं काहीही नसतं. तिथे दिवे नसलेली ट्रॉली असते, कुत्रं असतं, घरी परतणारं कुटुंब असतं.

समृद्धी महामार्ग जालन्याजवळून जातो. त्याची सरळ काँक्रीटची पट्टी पाहून पोरांना मोह होतो, हे मला समजतं. पण तिथे दुचाकीला प्रवेशच नाही आणि कारची मर्यादा ताशी १२० आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं हा गुन्हा आहे. पहिल्यांदा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, पुन्हा केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड.

नुसत्या बंदीने वेगाची ओढ जाईल असं मला वाटत नाही. बैलगाडा शर्यतींवर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी आणली, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने महाराष्ट्राचा दुरुस्त कायदा ग्राह्य धरला. नियम, परवानगी, पशुवैद्यक आणि ठरलेलं मैदान यांच्या चौकटीत तो खेळ परत आला. इंजिनांच्या खेळालाही मराठवाड्यात अशीच चौकट हवी. वर्षातून दोन-तीन शनिवार-रविवार एखादी बंद सरळ पट्टी, भारतीय मोटर स्पोर्ट्स महासंघाच्या नियमांनुसार तपासणी, रुग्णवाहिका आणि टायमर एवढं मिळालं, तर धातू आणि यंत्र जाणणाऱ्या जालन्यातून चांगल्या टीमा उभ्या राहतील.

ती सोय होईपर्यंत गॅरेजवाल्यांना आणि पालकांना एक विनंती आहे. मुलगा गाडी ‘ट्यून’ करायला पैसे मागेल तेव्हा पहिला खर्च चांगल्या हेल्मेटवर, लेदर सूटवर, टायरवर आणि ब्रेकवर करा, त्याला स्पर्धेच्या परवान्याची माहिती मिळवायला लावा, आणि पट्टीवर जायची तयारी नसेल तर ती गाडी रस्त्यावर पळवण्यासाठी तयार करून देऊ नका.