संगणकाची स्वरलिपि आणि तिचे वाचक

पंडित भातखंडे यांच्या स्वरलिपींतील एकच चीज दोन गवयांपुढें ठेविली तर ती दोन तऱ्हांनीं ऐकूं येते. संगणकावरील ‘ट्रॅकर’ संगीताचा पेंच असाच आहे.

1987 सालीं जर्मनीच्या कार्स्टन ओबार्स्की यांनीं अमिगा संगणकासाठीं ‘अल्टिमेट साउंडट्रॅकर’ रचिला. त्याच्या फाइलींत सबंध गाण्याचें ध्वनिमुद्रण नसतें. वाद्यांचे छोटे नमुने आणि ते केव्हां, कोणत्या स्वरांत वाजवावे याच्या आज्ञा, एवढेंच असतें. म्हणून ती फाइल लहान. बीडकडील मंद इंटरनेटवरही सहज उतरते. परंतु अमिगा आतां दुर्मिळ, तेव्हां सारी भिस्त वाचणाऱ्यावर.

‘एफ्’ ही आज्ञा पाहा. प्रोट्रॅकरच्या नेहमीच्या वाचनांत तिच्यापुढील 32 पासूनचा आंकडा लयीची गति ठरवितो. कांहीं रचनांत मात्र आंकडा कितीही मोठा असो, एक ओळ किती ठोके टिकावी एवढेंच तो सांगतो. अर्थ चुकला कीं रेंगाळावयाच्या जागीं चीज धांवूं लागते, आणि रचनाकाराचा हेतु बुडतो.

लिनक्स प्रणालीवर माझी पसंती ‘लिबओपनएमपीटी’स. फाइल कोणत्या ट्रॅकरांत लिहिली हें ताडून ती त्या त्या घराण्याची रीत पाळते. ‘ओपनएमपीटी123’ हा तिचा साधा वादक. जुन्या ‘लिबमॉडप्लग’वर विसंबूं नये. अमिगाच्या आडवळणी फाइलींसाठीं ‘यूएडीई’ घ्यावें. तें पोटांत अमिगाचीच नक्कल उभारून मूळ वादक चालवितें.

अमिगाच्या चार ध्वनिमार्गांपैकीं पहिला व चौथा डावीकडे, मधले दोन उजवीकडे. हेडफोनवर हें तुटक वाटतें. ओपनएमपीटी123 मध्यें तें अंतर कमी करितां येतें. मात्र मग तें मूळाबरहुकूम राहत नाहीं.