म्हाताऱ्या मांजराचा निरोप

मुरबाडहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर वैशाखरे हे गाव लागते. अशा भातशेतीच्या गावांत कणगीतील धान्य उंदरांपासून राखणारे मांजर घरातलेच एक होऊन बसते. शहरातील बिऱ्हाडांतही त्याचा लळा काही कमी नसतो.

१५ वर्षांचे मांजर माणसाच्या हिशेबाने सुमारे ७५ वर्षांचे मानतात. या वयात मूत्रपिंडे हळूहळू निकामी होणे ही नेहमीची व्याधी होय. मांजर वारंवार पाणी पिते, कृश होते, अंग चाटीनासे होते. परंतु दुखणे लपविणे हा त्याचा जातिस्वभाव असल्यामुळे रोग उशिरा ध्यानात येतो. अशा वेळी मायेपोटी घरातील पॅरासिटामॉल मात्र कदापि देऊ नये. एक गोळीही प्राणघातक ठरू शकते. पशुवैद्याने सांगितलेला आहार व कातडीखाली दिलेले सलाईन यांनी काही काळ सुखाने जातो.

पुढे अन्न सुटले, उठवेनासे झाले व उपाय खुंटले, म्हणजे पशुवैद्याकरवी गुंगी देऊन वेदनारहित मरण देण्यात निर्दयता नाही. त्या वेळी ओळखीचा हात त्याच्या पाठीवर असावा. वियोग आपणांस सोसवत नाही, एवढ्यासाठी त्या मुक्या जिवाचे हाल लांबवू नयेत.