समुद्राचे वेळापत्रक

सिल्लोडच्या उत्तरेस सुमारे 40 किलोमीटर अंतरावर अजिंठ्याची लेणी आहेत. त्यांतील 2 क्रमांकाच्या लेण्यात भिंतीवर एक गलबत रंगविलेले आहे. त्याला तीन डोलकाठ्या असून तिन्हींवर शिडे उभारलेली आहेत. जवळच मडकी रचून ठेवलेली दिसतात. अजिंठ्यापासून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी सुमारे 300 किलोमीटर दूर आहे. चोहोकडे डोंगर, खाली वाघूर नदीचे वळण, आणि भिंतीवर मात्र भरसमुद्रातले जहाज! सहलीला आलेल्या मुलांना याचे नवल वाटते व ते वाटणे योग्यच होय.

हे चित्र पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याच्या कथेतील आहे, असे अभ्यासक मानतात. पूर्ण हा शूर्पारक नगरीचा राहणारा. त्याचा भाऊ चंदनाचे लाकूड आणण्यासाठी समुद्रपार गेला असता त्याचे गलबत वादळात सापडले आणि पूर्णाने त्याला वाचविले, अशी ती कथा आहे. शूर्पारक म्हणजे आजचे नालासोपारा. मुंबईच्या उत्तरेस लागूनच हे गाव आहे. म्हणजे सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी अजिंठ्याच्या डोंगरात बसून चित्रकाराने रंगविला तो आपल्याच किनाऱ्यावरचा समुद्र.

या भागाचा समुद्राशी आणखीही एक संबंध आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगेत पडणाऱ्या पावसाच्या दोन वाटा होतात. उत्तरेच्या उतारावरचे पाणी वाघूर नदीतून तापीला मिळते व सुरतेजवळ अरबी समुद्रात जाते. दक्षिणेकडचे पाणी पूर्णा नदीने गोदावरीत जाऊन थेट बंगालच्या उपसागराला पोहोचते. एकाच डोंगराच्या माथ्यावर शेजारी शेजारी पडलेले दोन थेंब असे दोन निराळ्या समुद्रांत जाऊन पडतात. पाण्याला ही वाट सापडते, तशीच सुट्टी लागली म्हणजे मुलांनाही सापडते. सिल्लोडहून संभाजीनगर आणि तेथून आगगाडीने मुंबई, असा तो प्रवास असतो.

मुंबईस प्रथम जाणाऱ्या मुलाची मोठी इच्छा एकच असते, समुद्र पाहण्याची. तो धावतपळत चौपाटीवर जातो आणि कधीकधी त्याची निराशा होते. लाटा उसळताना दिसण्याऐवजी ओली वाळू दूरवर पसरलेली असते व पाणी पार पलीकडे जाऊन बसलेले असते. तोच मुलगा सहा तासांनी आला, तर मघा जेथे तो उभा होता तेथे त्याच्या डोक्यावरून पाणी गेलेले असेल. पैठणच्या नाथसागराचे पाणी पावसाळ्यात वाढते व उन्हाळ्यात घटते, हे त्याला ठाऊक असते. परंतु एका दिवसात दोनदा भरणारे आणि दोनदा उतरणारे पाणी त्याने कधी पाहिलेले नसते. शहरातील संग्रहालये आणि बागा घड्याळाप्रमाणे उघडतात व मिटतात. समुद्राचे वेळापत्रक मात्र चंद्राच्या हाती आहे. ते ज्याला वाचता येते, त्याला या शहरात दुप्पट मौज लुटता येते. ज्याला वाचता येत नाही त्याची केवळ मौजच हुकते असे नाही. कधीकधी त्याच्या जिवावर बेतते.

चंद्राच्या आकर्षणाने समुद्राचे पाणी ओढले जाते. पृथ्वीच्या ज्या अंगाला चंद्र असतो तेथे आणि त्याच्या नेमक्या विरुद्ध अंगाला पाण्याला फुगवटा येतो. पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्यामुळे किनाऱ्यावरील प्रत्येक ठिकाण या फुगवट्यांखालून जाते व तेथे दिवसातून दोनदा भरती येते. दोन भरत्यांमध्ये बारा तासांचे अंतर असते असे वाटेल; पण मधल्या काळात चंद्रही थोडा पुढे सरकलेला असतो. त्यामुळे हे अंतर सुमारे 12 तास 25 मिनिटांचे होते आणि रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा सुमारे 50 मिनिटे उशिरा येते. पंधरा दिवसांत या पन्नास-पन्नास मिनिटांचे साडेबारा तास होतात. म्हणजे एक पक्ष संपता संपता भरती फिरून पहिल्या वेळेवर येते.

पौर्णिमेला आणि अमावास्येला सूर्य व चंद्र यांचे आकर्षण एकाच रेषेत काम करते. मग पाणी फार चढते आणि फार उतरतेही. याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास दोघांची ओढ निरनिराळ्या दिशांना असते, म्हणून पाणी थोडे चढते व थोडेच उतरते. ही भांगाची भरती होय. मुंबईला मोठ्या उधाणाच्या वेळी पाणी 4 ते 5 मीटरांपर्यंत चढते-उतरते. उंच माणसाच्या डोक्यावर आणखी एक तितकाच उंच माणूस उभा केला आणि वर एक मूल बसविले, तर जेवढी उंची होईल तेवढी ही!

कोकण किनाऱ्यावर तिथीवरून भरतीची वेळ काढण्याची एक सोपी रीत आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी, म्हणजेच त्याला 3 ने गुणून 4 ने भागावे. येणारा आकडा ही पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला 3 वाजता, अष्टमीला 6 वाजता, द्वादशीला 9 वाजता. दिवसाही आणि रात्रीही. त्यात सहा तास मिळविले की पूर्ण ओहोटीची, म्हणजे कोळ्यांच्या भाषेत सुकतीची, वेळ मिळते. पौर्णिमा व अमावास्या यांना भरती दुपारी बाराच्या सुमारास असते, हे वेगळे ध्यानात ठेवावे. हा हिशेब ढोबळ आहे, त्यात अर्धापाऊण तासाचा फरक पडू शकतो. सूक्ष्म वेळा हव्या असतील तर भारतीय सर्वेक्षण खाते भरती-ओहोटीची कोष्टके छापते. मुंबईच्या अपोलो बंदरावर पाण्याच्या उंचीची नोंद 1878 सालापासून ठेवलेली आहे. एवढ्या दीर्घ काळाच्या नोंदी जगात थोड्याच ठिकाणी आहेत. असे असले, तरी भिंतीवरची दिनदर्शिका पाहून तोंडी हिशेब करण्यात जी गंमत आहे, ती छापील कोष्टकात नाही.

समजा, अमावास्येच्या दिवशी मुले मुंबईत आहेत. सकाळी सहाच्या सुमारास ओहोटी पूर्ण झालेली असते. अशा वेळी मोठ्या माणसांबरोबर किनाऱ्यावर जावे. जुहूच्या वाळूवर मोहरीएवढ्या, ज्वारीच्या दाण्याएवढ्या गोळ्यांची नक्षी पसरलेली दिसते. ती कोणी मुद्दाम काढलेली नसते. लहानसे खेकडे वाळू तोंडात घेऊन तिच्यातील अन्नकण वेचतात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतात. पावलांची चाहूल लागताच सारे खेकडे बिळांत दडतात. माणूस न हलता दोन मिनिटे बसला, की एकेक करून पुन्हा वर येतात. भरती आली म्हणजे ही सारी नक्षी पुसली जाते आणि पुढच्या ओहोटीला नवी उमटते.

हाजीअलीजवळच्या खडकांत याहून मोठे नवल असते. ओहोटीच्या वेळी खडकांच्या खळग्यांत पाणी साचून राहते. एकेक खळगा म्हणजे एकेक लहानसे जलसंग्रहालयच! त्यात रंगीत समुद्रफुले असतात. ती फुलासारखी दिसली तरी प्राणी आहेत आणि आपल्या पाकळ्यांनी भक्ष्य पकडतात. दुसऱ्याचा रिकामा शंख घर म्हणून पाठीवर वागविणारे खेकडे असतात, दगडाला घट्ट चिकटलेली कालवे असतात. लक्षावधी माणसांच्या वस्तीला खेटून, मोटारींच्या आवाजात, हे जीव आपला संसार करीत असतात. त्यांना पाहावे, परंतु घरी आणू नये. एखादा दगड उलटून पाहिलाच, तर तो पूर्वीसारखा ठेवावा. कारण त्याच्या सावलीत राहणारे प्राणी उन्हात तासाभरात मरून जातात.

येथेच सर्वांत अधिक सावध राहावे लागते. भरतीचे पाणी नेहमी समोरूनच येते असे नाही. खडकांमधल्या खोलगट वाटांनी ते गुपचूप मागे शिरते. समोर पाहण्यात गुंगलेल्या माणसाला आपल्या व किनाऱ्याच्या मध्ये पाणी आले आहे, हे उशिरा कळते. शेवाळाने खडक निसरडे झालेले असतात, त्यामुळे धावताही येत नाही. मुंबईच्या किनाऱ्यावर अशा रीतीने अनेकांचे प्राण गेले आहेत आणि त्यांतील कित्येक जण उत्तम पोहणारे होते. म्हणून खडकांत उतरायचे ते ओहोटी संपण्यापूर्वी, आणि पाणी वळले की लगेच परतायचे, असा जाणत्यांचा नेम असतो. हाजीअलीच्या दर्ग्याकडे जाणारी वाटही मोठ्या भरतीला पाण्याखाली जाते. मग आत असलेली माणसे निमूटपणे बसून राहतात. समुद्राशी घाई करता येत नाही, हे त्यांना ठाऊक असते.

पाणी चढू लागले की होडीची वेळ झाली. गेटवे ऑफ इंडियापासून घारापुरीला जाणाऱ्या बोटी सुटतात. हे प्रवेशद्वार 1924 साली पुरे झाले. घारापुरी सुमारे 10 किलोमीटरांवर असून तेथे पोहोचण्यास तासभर लागतो. हिवाळ्यात पाहुणे आलेले पांढरे कुरव पक्षी बोटीबरोबर उडत येतात. प्रवासी त्यांना तळलेले पदार्थ टाकतात. ते त्यांचे अन्न नव्हे, तेव्हा तसे न करणेच बरे. बेटावर सुमारे 120 पायऱ्या चढून गेल्यावर लेणी लागतात. सिल्लोडच्या मुलाला येथे घरी आल्यासारखे वाटेल. ज्या काळ्या दगडात अजिंठा कोरलेला आहे, त्याच जातीच्या दगडात ही लेणीही कोरलेली आहेत. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीतून उसळलेल्या लाव्हारसाचा हा दगड सह्याद्रीपासून अजिंठ्यापर्यंत सर्वत्र पसरला आहे. अजिंठ्यात रंग आहेत. येथे रंग नाहीत, पण सदाशिवाची त्रिमुखी मूर्ती साडेपाच मीटरांच्या आसपास उंच आहे आणि अर्ध्या अंधारात ती पाहताना मुले आपोआप हळू आवाजात बोलू लागतात. या बेटावर पूर्वी दगडाचा एक मोठा हत्ती होता. त्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा असे नाव दिले. तो हत्ती आता भायखळ्याला, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. सोमवारी ही लेणी बंद असतात; एवढ्या दूर येऊन रिकाम्या हाताने परतलेले प्रवासी पुष्कळ आहेत.

शिवडीचा चिखल पाहण्यास कोणी सहसा नेत नाही. तथापि हिवाळ्यात व उन्हाळ्याच्या आरंभी तेथे जो देखावा दिसतो, त्याला तोड नाही. ओहोटी लागून चिखल उघडा पडू लागला, की हजारो रोहित पक्षी तेथे उतरतात. चोच उलटी करून ते चिखलपाण्यातून शेवाळ व बारीक जीव गाळून घेतात आणि त्याच अन्नातील द्रव्यांमुळे त्यांच्या पिसांना गुलाबी रंग येतो. येथेही वेळ साधावी लागते. पूर्ण भरतीला चिखल बुडालेला असतो, तर पूर्ण ओहोटीला पक्षी फार दूर गेलेले असतात. मधली वेळ चांगली.

संध्याकाळ मात्र कोणत्याही तिथीला चांगलीच. मरीन ड्राइव्हचा कठडा जवळजवळ साडेतीन किलोमीटर लांब आहे आणि त्यावर बसण्यास पैसे पडत नाहीत. दिवसभर जमीन लवकर तापते, पाणी सावकाश तापते. त्यामुळे जमिनीवरची हलकी झालेली हवा वर जाते व तिची जागा घेण्यास समुद्रावरून गार वारा येतो. भूगोलाच्या पुस्तकात खारे वारे म्हणून जे वाचलेले असते, ते येथे अंगावर घेता येते. जिभेने ओठ चाटून पाहिले तर त्यांचे नाव सार्थ आहे, याची खात्री पटते. बाहेरच्या अंगाला चार पायांचे काँक्रीटचे प्रचंड ठोकळे लाटांचा जोर मोडण्यासाठी टाकलेले आहेत. त्यांवर चढणे धोक्याचे आहे. ही सारी जमीन समुद्रात भराव घालून मिळविलेली आहे. पावसाळी उधाणाच्या दुपारी लाटा कठड्यावरून रस्त्यावर येतात, त्या वेळी समुद्र आपली जुनी जागा मागतो आहे की काय, असे वाटते.

भरदुपारच्या उन्हात गेटवेजवळचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय सोयीचे. तेथे सोपाऱ्याला सापडलेला सम्राट अशोकाचा शिलालेख ठेवलेला आहे. एक दिवस हाताशी असेल तर सोपाऱ्यालाही जाऊन येता येते. तेथील स्तूपाचे उत्खनन पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी 1882 साली केले. आज स्तूपाभोवती झाडी आहे, पलीकडे घरांची दाटी झाली आहे. प्राचीन बंदर गाळाने भरून गेले असून मोठी जहाजे तेथे येत नाहीत. पूर्णाच्या भावाचे गलबत पाहण्यासाठी अजिंठ्यालाच परतावे लागते.

परतल्यावर 2 क्रमांकाच्या लेण्यात ते चित्र पुन्हा एकदा पाहावे. शिडे, डोलकाठ्या, मडकी सारे तेच असते. फक्त या खेपेस मुले विचारतात, "हे गलबत निघाले, त्या दिवशी तिथी कोणती होती?"