मुंबईची वस्ती आणि तिची शिबंदी

गोंदियाकडच्या आमच्या कामठ्याजवळ बिरसी येथे जी धावपट्टी आहे, ती १९४० साली, दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, इंग्रज सरकारने धानाच्या बांध्यांच्या या मुलखात आखली. पुढे युद्ध संपले, गोरे अंमलदार निघून गेले, आणि धावपट्टीभोवतीचा प्रदेश पूर्ववत धानाचाच राहिला. त्याही पूर्वी, १८१८ साली, येथील जमीनदार चिमणा पटेल याने बंड केले, तेव्हा कॅप्टन गॉर्डनच्या फौजेने कामठ्याचा किल्ला हल्ला करून घेतला आणि जमीनदारी लोधी घराण्याकडे गेली. म्हणजे फौज आमच्या गावाने दोनदा जवळून पाहिली, परंतु फौजेच्या येण्याने गावाचे नगर काही झाले नाही. याउलट गोंदियाहून निघणारी विदर्भ एक्सप्रेस जेथे जाऊन थांबते, त्या मुंबईत, तापाने खंगलेल्या मूठभर शिपायांनी ठाणे घातले आणि त्या ठाण्याच्या आश्रयाने कोटीच्या वर माणसांचे महानगर उभे राहिले. आमच्या भागातली कितीतरी तरुण मुले पोटासाठी त्या गर्दीत मिसळली आहेत. म्हणून त्या गर्दीचा आणि तिच्या पहाऱ्याचा परस्परांशी काय संबंध आहे, हे इकडच्या वाचकानेही समजून घेण्याजोगे आहे.

१६६१ च्या विवाहकरारान्वये पोर्तुगालच्या राजाने आपली बहीण कॅथरीन हिच्याबरोबर मुंबईचे बेट इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला आंदण दिले खरे. पण ताबा घेण्यासाठी आलेल्या सर अब्राहम शिपमनला पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी बेट देण्याचे नाकारले, आणि त्याला आपल्या सुमारे चारशे शिपायांसह कारवारजवळच्या अंजदीव बेटावर दिवस काढावे लागले. तेथील रोगट हवेने शिपमनचा आणि त्याच्या बहुतेक माणसांचा बळी घेतला. १६६५ मध्ये हम्फ्री कुकने मुंबईचा ताबा घेतला, तेव्हा त्याच्यापाशी जेमतेम शंभराच्या घरातली शिबंदी उरली होती. तीन वर्षांनी राजाने हे बेट वार्षिक दहा पौंडांच्या खंडाने ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केले.

मुंबईला मनुष्यवस्तीचे नगर करावे ही दृष्टी प्रथम जेरल्ड आँजियर या गव्हर्नराला आली. १६६९ ते १६७७ या आपल्या कारकिर्दीत त्याने गुजरातेतील वाणी, पारशी, आर्मेनियन अशा व्यापारी ज्ञातींना धर्मस्वातंत्र्याचे आणि संरक्षणाचे अभय देऊन येथे बोलावले. परंतु अभय नुसत्या कागदावर टिकत नाही, हे तो जाणून होता. कंपनीजवळ गोरे शिपाई थोडे, म्हणून त्याने बेटावरच्या जमीनदारांवर हत्यारबंद माणसे पुरवण्याची सक्ती केली आणि भंडारी ज्ञातीतील सुमारे सहाशे जवानांचे एक दल बांधून त्याची ठाणी माहीम, शिव आणि शिवडी येथे बसवली. माडाची ताडी काढणारा हा कष्टाळू समाज मुंबईचा आद्य पहारेकरी झाला. १६६१ च्या सुमारास दहा हजार असलेली वस्ती १६७५ च्या सुमारास साठ हजारांवर गेल्याचा अंदाज जुन्या दफ्तरांच्या आधारे दिला जातो. तो अंदाज ढोबळ मानला, तरी पहारा बसला की पेठ भरते, हा क्रम त्यातून स्वच्छ दिसतो.

तो पहारा अभेद्य मात्र नव्हता. १६८९ मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दी याकूतखानाने माझगाव, माहीम घेऊन इंग्रजांना किल्ल्यात कोंडले आणि वर्षभर सळो की पळो करून सोडले. पुढे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली, तेव्हा मराठी फौज आता माहीमची खाडी ओलांडणार, या धास्तीने किल्ल्याभोवती खंदक खणण्याचे ठरले आणि शहरातील व्यापाऱ्यांनी त्यासाठी तीस हजार रुपयांची वर्गणी उभारली. रयतेने आपल्या रक्षणासाठी आपल्या गाठीचे पैसे मोजले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. शत्रूला आडोसा मिळू नये आणि तोफांच्या माऱ्याला अडथळा होऊ नये म्हणून तटाबाहेरची घरे आणि झाडे हटवून विस्तीर्ण मोकळे रान राखण्यात आले. १८६२ साली गव्हर्नर म्हणून आलेल्या बार्टल फ्रिअरच्या कारकिर्दीत तट पाडला गेला, खंदक बुजला, चर्चगेट हे नाव तेवढे उरले. आणि त्या मोकळ्या रानाचे तुकडे आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल मैदान या रूपाने शिल्लक राहिले. आज ज्या हिरवळीवर शेकडो मुले एकाच वेळी क्रिकेट खेळतात, ती हिरवळ तोफेच्या टप्प्याने राखलेली आहे. याच रानात १५ ऑक्टोबर १८५७ रोजी सय्यद हुसेन आणि मंगल गाडिया या दोन देशी शिपायांना बंडाच्या कटाबद्दल तोफेच्या तोंडी देण्यात आले, याचेही स्मरण तेथून जाणाऱ्याने ठेवावे.

आरमाराची हकीकत याहून सुखद आहे. १७३६ मध्ये सुरतेहून आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया या पारशी सुताराने आणि त्याच्या वंशजांनी मुंबईच्या गोदीत मलबारी सागवानाची अशी जहाजे बांधली की, खुद्द ब्रिटिश नौदलाने ती मागवून घेतली. १८४२ मध्ये ज्या जहाजावर चीनशी नानकिंगचा तह झाला, ते ‘कॉर्नवॉलिस’ मुंबईचे. आणि १८१७ मध्ये पाण्यात सोडलेले ‘ट्रिंकोमाली’ इंग्लंडात हार्टलपूल येथे आजही तरंगते आहे. दक्षिणेकडे कुलाब्याच्या बेटावर छावणी वसली, १८३८ मध्ये ते बेट रस्त्याने मुंबईला जोडले गेले, आणि पहिल्या अफगाण युद्धातील मृतांच्या स्मरणार्थ तेथे जे चर्च बांधले गेले, त्याच्या लाकडी बाकांना प्रार्थनेच्या वेळी शिपायांनी बंदुका टेकून ठेवाव्यात म्हणून पाडलेल्या खाचा अजूनही बोटांनी चाचपून पाहता येतात.

१८६४ साली मुंबईची पहिली रीतसर खानेसुमारी झाली, तीत ८,१६,५६२ माणसे मोजली गेली. कापसाच्या तेजीने फुगलेली ही संख्या तेजी बुडताच ओसरली. गिरण्यांनी ती पुन्हा भरून आणली. १८९६ मध्ये मांडवीत उद्भवलेल्या प्लेगने शहर असे उठवले की, १८९१ ची ८,२१,७६४ वस्ती १९०१ मध्ये ७,७६,००६ वर आली. पुढचा चढ मात्र थांबला नाही. आजच्या बृहन्मुंबईच्या हद्दीत १९५१ मध्ये सुमारे तीस लाख, १९८१ मध्ये ब्याऐंशी लाखांवर, आणि २०११ मध्ये १,२४,४२,३७३.

लष्कराचा तळ आणि नागरी वस्ती यांचे नाते किती प्रत्यक्ष असते, हे पाहायचे तर महानगराच्या पूर्वेस कल्याणजवळ जावे. महायुद्धात तेथे शिपायांच्या ये-जासाठी मोठा तळ उभारला होता. फाळणीनंतर सिंधमधून घरदार टाकून आलेले सुमारे लाखभर निर्वासित त्याच बराकींतून उतरवण्यात आले. एकेका लांबट बराकीत गोणपाटाचे आडपडदे लावून कुटुंबांनी संसार मांडले, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते तेथे उल्हासनगरची कोनशिला बसली. आज पाच लाखांच्या त्या शहरात पत्ता विचारला, तर ‘कॅम्प नंबर’ आणि ‘बराक नंबर’ याच शब्दांत उत्तर मिळते.

तथापि मुंबईची वस्ती आणि मुंबईची शिबंदी एकमेकींना खऱ्या अर्थाने भेटल्या त्या फेब्रुवारी १९४६ मध्ये. निकृष्ट अन्न, अपमानाची वागणूक आणि गोऱ्या-काळ्यांतील उघड भेद यांना कंटाळून १८ तारखेला कुलाब्याच्या ‘तलवार’ या तळावरील नाविकांनी संप पुकारला; दुसऱ्या दिवशी बंदरातील जहाजांवर ब्रिटिश निशाणाच्या जागी काँग्रेस, मुस्लिम लीग आणि कम्युनिस्ट पक्ष यांची निशाणे चढली. सरकारने नाविकांची रसद तोडली, तेव्हा शहरातली सामान्य माणसे फळे, भाकऱ्या, दूध, पाव घेऊन गेटवेच्या धक्क्यावर जमली. इराण्यांनी हॉटेले उघडी टाकली. पहाऱ्यावरचे देशी शिपाई बंदूक खांद्याला ठेवून पाहत उभे राहिले आणि नाविकांच्या होड्या ते अन्न भरून जहाजांकडे परतल्या. २२ तारखेला गिरणगाव बंद राहिले. रस्त्यांवर झालेल्या गोळीबारात त्या दिवसांत दोनशेहून अधिक नागरिक मृत्युमुखी पडले. परळच्या कमल दोंदे त्यांपैकी एक. २३ तारखेला, वल्लभभाईंच्या सल्ल्यावरून, नाविकांनी संप मागे घेतला. गणवेशातील माणसांच्या न्याय्य गाऱ्हाण्यासाठी बिनगणवेशाच्या माणसांनी छातीवर गोळ्या घेतल्याचे याच्या तोडीचे दुसरे उदाहरण या शहराच्या इतिहासात नाही, आणि शाळेच्या पुस्तकांनी त्याला दिलेल्या चार ओळी अगदीच अपुऱ्या आहेत.

आज पश्चिम नौदल कमांडचे मुख्यालय मुंबईतच आहे. ज्या जुन्या गढीत कंपनीचा कारभार चाले, ती नौदलाच्या ताब्यात असून १९५१ पासून तिला कान्होजी आंग्र्यांचे नाव आहे. कुलाब्यास ‘अश्विनी’ हे नौदलाचे रुग्णालय आणि लष्कराच्या महाराष्ट्र, गुजरात व गोवा विभागाचे ठाणे. वरळीस तटरक्षक दलाचे पश्चिम विभागाचे मुख्यालय. मालाडच्या मार्वे किनाऱ्यावर ‘हमला’, मानखुर्दला ‘तानाजी’, कांदिवलीस लष्करी साहित्याचे कोठार, माझगावला युद्धनौका आणि पाणबुड्या बांधणारी सरकारी गोदी. निव्वळ लष्करी आवारांतील माणसांची मोजणी जनगणना खाते स्वतंत्र प्रभार नेमून त्या त्या आवारातील अधिकाऱ्यांकरवीच करवते. गोदीत रोज कामाला जाणारा फिटर, वेल्डर, रंगारी मात्र रात्री डोंबिवलीच्या किंवा विक्रोळीच्या खोलीत मोजला जातो. शिबंदी आणि वस्ती यांच्यामधली सीमारेषा अशी त्याच्या लोकलच्या पासातूनच जाते.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दहा हल्लेखोर ज्या किनाऱ्याला रबरी होडीतून उतरले, तो कफ परेडजवळच्या मच्छीमार वस्तीचा किनारा. नौदलाचे तळ तेथून फार दूर नव्हते, तरी त्या अनोळखी तरुणांना प्रथम पाहिले आणि हटकले ते कोळ्यांनी. त्यानंतर सागरी सुरक्षेची एकंदर जबाबदारी नौदलाकडे सोपवण्यात आली, मुंबईत संयुक्त कार्यकेंद्र उघडले, राष्ट्रीय सुरक्षा दलाची तुकडी मरोळला आली, मच्छीमारांना ओळखपत्रे दिली गेली. हे सर्व योग्यच झाले. पण भंडाऱ्यांना हत्यार देऊन पहाऱ्यावर बसवणाऱ्या आँजियरला जे कळले होते, ते अधिक मुळाशी जाणारे होते: किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या राहणारा माणूस हा पहाऱ्याचा पहिला हक्कदार आहे. कोळीवाड्यांच्या जमिनी बिल्डरांच्या घशात जाऊ लागल्या, तर नुकसान एका ज्ञातीचे नव्हे, तर सबंध किनाऱ्याच्या नजरेचे आहे.

जमिनीचा प्रश्न लष्करी आवारांनाही चुकलेला नाही. १९०३ च्या कायद्याने संरक्षण-आस्थापनांभोवतीच्या बांधकामावर निर्बंध घालता येतात, आणि त्यामुळे कांदिवली-मालाडच्या जुन्या इमारतींतील रहिवाशांची पुनर्बांधणी वर्षानुवर्षे रखडते, हे त्यांचे दुःख खरे आहे. त्यांच्यासाठी नियम सैल करणे न्याय्य होईल. पण या सबबीचा आधार घेऊन उद्या कोणी कुलाब्याची छावणी किंवा मार्व्याचा किनारा बांधकामाला मोकळा करा असे म्हणेल, तर ती मागणी साफ फेटाळली पाहिजे. शहर जिल्ह्यात दर चौरस किलोमीटरला सुमारे एकोणीस हजार सहाशे आणि उपनगर जिल्ह्यात जवळजवळ एकवीस हजार माणसे राहतात, हे २०११ चे आकडे आहेत. अशा नगरात लष्कराने अडवून धरलेली मोकळी जमीन ही शिपायांइतकीच नागरिकांचीही ठेव आहे, आणि तिच्यातील एक गुंठाही विक्रीस काढण्याचा अधिकार कोणत्याही सरकारने स्वतःकडे घेऊ नये.