काळी दोन की काळी चार? बेसवादकाची कार्यक्रमाआधीची तयारी

वाद्यवृंदात बेस गिटार वाजवणाऱ्याला तालमीत एक पट्टी सांगितली जाते आणि रंगमंचावर बरेचदा दुसरीच वाजवावी लागते. गायकाचा घसा बसलेला असतो, किंवा ठरलेली गायिका येऊ शकत नाही आणि तिच्या जागी दुसरी येते, किंवा द्वंद्वगीत एकट्यानेच गायचं ठरतं. कीबोर्डवाला ट्रान्सपोजचं बटण दाबून मोकळा होतो, गिटारवाला कापो सरकवतो. बेसवाल्याला असं काही नाही, त्याला बोटांनीच पट्टी बदलावी लागते. तारा, केबल, साउंड चेक यांची तयारी महत्त्वाची आहेच, पण ती एकदा अंगवळणी पडली की पडली. पट्टीची तयारी मात्र प्रत्येक कार्यक्रमाला नव्याने करावी लागते, म्हणून सुरुवात तिथून.

आपल्याकडचे गायक पट्टी सांगतात ती पेटीच्या हिशेबाने. पांढरी एक म्हणजे सी. काळी एक सी शार्प, काळी दोन डी शार्प, काळी तीन एफ शार्प, काळी चार जी शार्प आणि काळी पाच ए शार्प. बेसच्या मोकळ्या तारा आहेत ई, ए, डी आणि जी, म्हणजे पांढरी तीन, सहा, दोन आणि पाच. पुरुष गायक बहुधा काळी एक-दोनच्या आसपास गातात, गायिका काळी चार-पाचच्या. आता हिशेब करून पाहा: पाचही काळ्या पट्ट्यांत सा, म आणि प यांपैकी एकही सूर चार तारांच्या बेसवर मोकळ्या तारेवर मिळत नाही. मोकळ्या तारांच्या आधाराने बसवलेली इंग्रजी पुस्तकांतली बोटं आपल्या कार्यक्रमांत अपुरी पडतात ती यामुळेच. तेव्हा घरी सराव करताना मोकळी तार जवळजवळ विसरायची आणि प्रत्येक सूर दाबून वाजवायचा. असं बसवलेलं गाणं हवं तिथे सरकवता येतं.

एक उदाहरण घेऊन बघू. गाण्याच्या कॉर्ड सा, ध, म, प अशा फिरतात आणि पट्टी काळी दोन आहे. सा आला ए तारेच्या सहाव्या फ्रेटवर, ध त्याच तारेच्या तिसऱ्यावर, म ई तारेच्या चौथ्यावर आणि प ई तारेच्या सहाव्यावर. गायक म्हणाला, ‘‘आज जरा जड जातंय, पांढरी दोन घेऊ,’’ तर हीच आकृती एक फ्रेट खाली आणायची: पाच, दोन, तीन, पाच. इतकं सोपं.

अडचण येते ती पट्टी लांब सरकली की. हेच गाणं गायिकेने काळी चारमध्ये मागितलं तर तुमच्यासमोर दोन वाटा असतात. पहिली, सगळी आकृती तशीच उचलून एक तार वर न्यायची: सा आणि ध डी तारेवर, म आणि प ए तारेवर, फ्रेट तेच सहा, तीन, चार, सहा. बोटं बदलत नाहीत, सुरांची चढउतारही तीच राहते, पण सगळा बेस पाच स्वरस्थानं वर जातो आणि गाणं पोकळ वाटायला लागतं. दुसरी वाट, सा ई तारेच्या चौथ्या फ्रेटवर घ्यायचा आणि ध पहिल्यावर. मग म आणि प वरच्या ए तारेवर, चौथ्या आणि सहाव्या फ्रेटवर येतात. भरीवपणा टिकतो, पण मूळ गाण्यात ‘म’ला खाली उतरणारा बेस आता वर चढतो. अंतऱ्याच्या शेवटी खाली कोसळून सम गाठणारी जागा असेल तर तिचा सगळा परिणाम जातो. माझा कल दुसऱ्या वाटेकडे असतो, फक्त अशा एखाद्या जागेपुरती पहिली वाट धरावी. कोणती वाट कुठे हे घरी ठरलेलं हवं. रंगमंचावर निवेदक गाण्याची ओळख करून देत असतो तेवढ्या वेळात हे सुचत नाही.

पाच तारांचा बेस घेतला की खालची बी तार मिळते आणि काळी दोनचा सा तिच्या चौथ्या फ्रेटवर खालच्या सप्तकात सापडतो. त्याची कंपनसंख्या साधारण 39 हर्ट्‌झ. ऐकायला भारदस्त, पण मंडपातल्या बहुतेक स्पीकरना तो नीट पेलवत नाही. पाचव्या तारेचा खरा उपयोग हात एका जागी ठेवून सगळ्या पट्ट्या गाठता येतात हा आहे. केवळ खोल आवाजासाठी ती घेऊ नये.

कागदावर कॉर्ड लिहाव्यात त्याही पट्टी बदलू शकते हे धरूनच. अमेरिकेत नॅशव्हिलच्या स्टुडिओंमध्ये 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात नील मॅथ्यूज यांनी कॉर्डना अक्षरांऐवजी आकडे देण्याची पद्धत बसवली, कारण तिथेही गायकाप्रमाणे पट्टी बदलायची. आपल्याकडे ही सोय आधीपासूनच आहे. आपला सा चल आहे. ‘सा ध म प’ असं लिहिलं की ते कोणत्याही पट्टीत लागू पडतं. भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ आणि मंद्र सप्तकाला खाली टिंब असतं; एवढ्या दोन खुणा बेससाठी पुरतात. मायनर कॉर्डपुढे ‘मा’ लिहा, पट्टी वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहा म्हणजे खोडता येईल, आणि एक गाणं एका पानावर बसवा. पंख्याच्या वाऱ्यात दुसरं पान उलटत बसायला हात मोकळा नसतो.

त्याच पानावर गाण्याचा नकाशा हवा: सुरुवातीच्या म्युझिकच्या मात्रा, कट कुठे, पहिल्या अंतऱ्यानंतर मुखडा एकदा की दोनदा. शिवाय ‘वन्स मोअर’ आला तर पुन्हा कुठून उचलायचं हे वाद्यवृंद संचालकाला आधीच विचारून ठेवावं. मराठी प्रेक्षक वन्स मोअर देतो तेव्हा मनापासून देतो, आणि पहिल्या दोन मात्रा बेस चाचपडला तर ती दाद तिथेच विरते. मूळ ध्वनिमुद्रण ऐकताना मोबाइलच्या स्पीकरवर विसंबू नका, त्यातून बेसचा मूळ सूर येतच नाही. हेडफोन लावा, आणि सूर कुठे सुरू होतो याइतकंच तो कुठे तुटतो हेही टिपा. जुन्या चित्रपटगीतांचा डौल बरेचदा त्या तुटण्यात असतो.

आता वाद्य. नव्या तारा कार्यक्रमाच्या दिवशी चढवू नयेत, दोन-तीन दिवस आधी चढवून, ताणून, वाजवून स्थिरावू द्याव्यात. वातानुकूलित नाट्यगृहात तारा आकसून सूर थोडे चढतात, उघड्या मंडपात दिव्यांच्या उष्णतेने उतरतात. म्हणून वाद्य पेटीतून काढून निदान अर्धा तास त्या हवेत ठेवावं, मग सुरात लावावं. गणपतीचे कार्यक्रम ऐन दमट हवेत येतात. लाकडी मान ओलावा धरते, वाकते आणि तारा उंच होतात. तपासायची रीत सोपी आहे: ई तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटजवळ तार व फ्रेट यांच्यात किती फट आहे ते बघा. साधं व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल इतकी फट ठीक. खूप जास्त असेल तर मानेतला रॉड पाव फेऱ्याहून अधिक एका वेळी फिरवू नका, आणि हे काम कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी उरका.

तुमचा बेस ॲक्टिव्ह असेल, म्हणजे आत 9 व्होल्टची बॅटरी असेल, तर केबल खोचलेली राहिली की बॅटरी खर्च होत राहते. तालमीनंतर केबल काढून ठेवण्याची सवय लावा आणि सोबत एक नवी बॅटरी बाळगा. बेसची तार क्वचितच तुटते. दगा देते ती केबल. दोन केबल घरून तपासून न्या. त्या फक्त बेससाठीच्या. ॲम्प्लिफायरमधून स्पीकरकडे जाणारी वेगळी असते, दिसायला सारखी असली तरी त्यांची अदलाबदल करू नये.

विजेबद्दल मी आग्रहाने सांगतो. मंडपातल्या एक्स्टेंशन बोर्डांत अर्थिंग असेलच असं नाही. तारांवर बोटं आणि ओठाजवळ माइक, या दोन्हींत विजेच्या दाबाचा फरक असला तर जिवावर बेतू शकतं. कोरस गायचा असेल तर माइकला आधी हाताची मागची बाजू लावून बघण्यापेक्षा साउंडवाल्याकडून टेस्टरने तपासून घ्यावं. घरघर ऐकू आली म्हणून प्लगची अर्थची पिन कधीही काढू नका. डीआय बॉक्सवर ‘ग्राउंड लिफ्ट’चं बटण असतं ते त्यासाठीच. आपली वीज 50 हर्ट्‌झची आणि ई तारेवरच्या तिसऱ्या फ्रेटचा जी 49 हर्ट्‌झचा, म्हणून पांढरी पाचच्या गाण्यात ही घरघर बेसच्या सा मध्ये मिसळते आणि दर सेकंदाला एक असे हेलकावे ऐकू येतात. बेसुरं वाटलं म्हणून तुम्ही खुंटी पिळत बसता आणि दोष मात्र विजेचा असतो.

डीआय बॉक्स म्हणजे बेसचा नाजूक संदेश मिक्सरला चालेल अशा रूपात पाठवणारी डबी. बॅटरी नसलेला बेस सरळ मिक्सरच्या लाइनमध्ये खोचला तर आवाज मंद आणि मुका येतो. अशा बेसला ॲक्टिव्ह डीआय लागतो, आणि त्याला मिक्सरमधून 48 व्होल्टची फँटम पॉवर द्यावी लागते. ती चालू करायला सांगणं हे आपलं काम. जमलं तर डीआय स्वतःचा घ्यावा. ॲम्पमधून संदेश जाणार असेल तर त्यावरचं बटण ‘प्री’वर ठेवा, म्हणजे रंगमंचावर तुम्ही टोन बदलला तरी प्रेक्षकांकडचा आवाज हलत नाही.

साउंड चेकला बेसच्या वाट्याला फार वेळ येत नाही. रात्री 10 नंतर ध्वनिवर्धकाला मनाई, सणांत काही ठरावीक दिवस 12 पर्यंत सूट, त्यामुळे उशीर झाला की कात्री चेकलाच लागते. मिळालेल्या वेळात स्लॅपची करामत दाखवू नये. कार्यक्रमातलं सगळ्यात जोरकस गाणं, त्याच जोराने, चारही तारांवर वाजवावं, कारण गेन त्यावरून ठरतो. मग एक संथ गाणं.

इथे थोडं विज्ञान उपयोगी पडतं. मोकळी ई तार 41 हर्ट्‌झची, हवेतली तिची लहर सव्वाआठ मीटर लांब. ती भिंतींवर आपटून परतते तेव्हा सभागृहात काही जागी सूर दुप्पट होतो, काही जागी नाहीसा होतो. तुम्ही उभे आहात तिथे बेस ऐकू येत नसला तरी मागच्या रांगेत तो धबधबत असू शकतो. तेव्हा स्वतःला ऐकू येत नाही म्हणून बेस वाढवू नका. 250 ते 800 हर्ट्‌झचा मधला पट्टा थोडा वाढवा. बोटाचा आघात आणि वरचे उपस्वर तिथे असतात, आणि उपस्वर मिळाले की खालचा सूर कान स्वतः जुळवून घेतो. ॲम्प फळ्यांच्या पोकळ मंचावर असेल तर खाली जाड फोम घाला. फळ्या घुमल्या की कोणताही टोन लावून उपयोग नाही. भरलेल्या सभागृहात माणसं वरचे आणि मधले सूर शोषतात, खालचे फारसे नाही. रिकाम्या सभागृहात जेमतेम बरोबर वाटलेला बेस प्रेक्षक बसल्यावर जाड वाटतो. तेव्हा थोडा कमीच ठेवा.

ऑक्टोपॅडवाल्याशी आधी बोलून घ्या. त्याची किक खोल असेल तर तुमची ई तार तिच्याखाली दबते. दोघांपैकी एकाने वरचा मार्ग धरावा. ढोलकी असेल तर डाव्या पुडीचा घुमारा हा स्वतःच एक बेस असतो. लावणीत मी त्या घुमाऱ्याला मोकळी जागा देऊन सूर आखूड तोडण्याच्या बाजूचा आहे. ढोलकी बोलत असताना तिच्यावर लांब सूर ओढणं हा ठेक्यावर अन्याय आहे.

तीन तासांच्या कार्यक्रमासाठी घरीही तशीच तालीम हवी. उभं राहून वाजवायचं असेल तर उभ्यानेच सराव करा, पट्टा अशा उंचीवर बांधा की बसल्यावर आणि उभं राहिल्यावर डाव्या मनगटाचा कोन सारखाच राहील. कानांचीही काळजी घ्या: 85 डेसिबलला आठ तास सुरक्षित मानले जातात, आणि दर 3 डेसिबलला तो वेळ निम्मा होतो. 100 डेसिबलला उरतात फक्त 15 मिनिटं. झांजेशेजारी उभं राहणाऱ्याने इअरप्लग घालायलाच हवेत, आणि ते घालून तालमीलाही वाजवायला हवं, कारण त्यांच्यासह बेस वेगळा ऐकू येतो.

शेवटी गायक-गायिकांना आणि संचालकांना एक विनंती. गाण्यांची यादी पाठवताना प्रत्येक गाण्यापुढे पट्टी लिहून आदल्या दिवशी सगळ्या वादकांना पाठवा, आणि बदलली तर निवेदन सुरू होण्यापूर्वी बेसवाल्याला सांगा. त्याच्याकडे ट्रान्सपोजचं बटण नाही.